सोलापूरच्या काळ्या मातीतले स्प्रिंगटेल: एका यादीची तपासणी

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीने प्रकल्पाला विषय घेतला होता जिल्ह्यातल्या मातीतले स्प्रिंगटेल. प्रकल्प पार पडला, गुणही चांगले मिळाले. मग तिच्या मनात आलं की यादी छापावी, म्हणजे देशाच्या एकूण यादीत सोलापूरची भर पडेल. छापण्याआधी तपासून द्या म्हणून ती माझ्याकडे आली. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि मातीतल्या बारीक जीवांवर माझा जीव आहे, म्हणून काम आनंदाने घेतलं. यादीत वीसेक नावं होती आणि जवळपास सगळी प्रजातीपर्यंत नेलेली. तपासणीनंतर प्रजातीचं नाव ठामपणे लिहिता येईल अशा नोंदी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच उरल्या. तरीही ही यादी आधीपेक्षा मोलाची झाली आहे असं माझं ठाम मत आहे. देशाची यादी अशाच गावोगावच्या याद्यांमधून उभी राहते. एखादं चुकीचं नाव त्यात एकदा शिरलं की पुढची प्रत्येक यादी ते उतरवून घेते, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडते आहे.

ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्प्रिंगटेल म्हणजे कोलेंबोला गटातले सहा पायांचे, बिनपंखी जीव. बहुतेकांची लांबी एक ते तीन मिलिमीटर. पाय सहा असले तरी आता त्यांना कीटकांत धरत नाहीत. त्यांचे मुखावयव डोक्याच्या आत दडलेले असतात आणि पोटाला सहाच खंड असतात. पोटाखाली एक दुभंगलेला अवयव, फर्क्युला, दुमडून आकड्यात अडकवलेला असतो. आकडा सुटला की तो उंदराच्या सापळ्यातल्या तारेसारखा जमिनीवर आपटतो आणि प्राणी हवेत उडतो. खोल मातीत राहणाऱ्या अनेकांचा हा अवयव आखूड झालेला असतो किंवा अजिबात नसतो. तिथे उडी मारायला जागाच कुठे? गटाला कोलेंबोला हे नाव जॉन लबक यांनी १८७०च्या सुमारास दिलं, पण प्राणी फार जुना आहे. स्कॉटलंडमधल्या राइनी इथल्या खडकात सापडलेला राइनिएला हा जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

जगात आजवर ९,००० हून जास्त प्रजातींचं वर्णन झालं आहे. भारतातून नोंदलेल्या प्रजाती तीनशेच्या थोड्या वर जातात. क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्रापेक्षाही लहान असलेल्या ब्रिटनमध्ये तीनशेहून अधिक प्रजाती माहीत आहेत. हिमालयापासून केरळच्या सदाहरित जंगलांपर्यंत पसरलेल्या देशात स्प्रिंगटेल ब्रिटनइतकेच असतील हे पटण्यासारखं नाही. आपला आकडा लहान आहे तो शोधणारे थोडे आहेत म्हणून.

कोणी कुठे शोधलं हे पाहिलं की यादीचा आकार कळतो. ए. डी. इम्स यांनी १९१२ साली भारत, ब्रह्मदेश आणि श्रीलंकेतल्या काही प्रजातींवर निबंध लिहिला. हांडशिन यांचं १९२९चं काम दक्षिण भारतावर, डेनिस यांचं १९३६चं येल विद्यापीठाच्या उत्तर भारत मोहिमेतल्या नमुन्यांवर. योसी यांनी १९६६ साली हिमालयातले स्प्रिंगटेल हाताळले, प्रभू यांनी १९७१ साली दक्षिणेतल्या माती-पाचोळ्यातले. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने बंगाल आणि ईशान्येकडे बरंच काम केलं. म्हणजे हिमालय, दक्षिणेचे डोंगर, बंगाल. जिथे ओल, सावली आणि पाचोळा, तिथे अभ्यासकांची पावलं पडली. सह्याद्री ओलांडून पूर्वेला उतरलं की नकाशावरची नोंदींची टिंबं विरळ होत जातात. सोलापूर, धाराशिव, विजयपूर या पट्ट्यावर नकाशा जवळजवळ कोरा आहे. या कोऱ्या जागेवर टिंब टाकायला एक मुलगी पुढे येते ही साधी गोष्ट नाही. म्हणूनच ते टिंब पुसलं जाणार नाही असं पडायला हवं होतं.

मातीपासून सुरुवात

तपासणीत मी नावं बाजूला ठेवली आणि आधी बाटल्या मागितल्या. यादीतली प्रत्येक ओळ कुठल्या बाटलीतल्या कुठल्या प्राण्यावरून लिहिली, हे आधी पाहायचं होतं. निम्म्याहून जास्त ओळींना बाटली सापडली. उरलेल्यांचे प्राणी फोटो काढून टाकून दिलेले होते. प्रकल्पासाठी ते चाललं असेल, छापील यादीसाठी चालत नाही. त्या ओळी आम्ही काढल्या नाहीत, पण ‘पुन्हा गोळा करायचे’ अशा वेगळ्या पानावर नेल्या.

बाटलीतल्या चिठ्ठ्यांचीही गत मिश्र होती. काही बॉलपेनने लिहिलेल्या होत्या आणि अल्कोहोलमध्ये शाई विरघळून कागद निळसर कोरा झाला होता. जाड कागदावर पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या शाबूत होत्या. ठिकाणाच्या रकान्यात तीन ठिकाणी ‘माळढोक अभयारण्य’ एवढंच होतं. सोलापूरच्या माणसाला त्यातून शहराजवळचं नान्नज समजतं. पण १९७९ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. सोलापूरपासून आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत पसरलेलं, शेतं आणि गावं पोटात घेतलेलं. नंतर ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. एवढ्या नावाने दूरच्या अभ्यासकाला काय कळणार? शिवाय तिने माती घेतली होती ती कुंपणाबाहेरच्या गायरानातून, कारण आत नमुने घ्यायला वनविभागाची लेखी परवानगी लागते आणि ती तिच्याकडे नव्हती. मग प्रत्येक ठिकाणासाठी गाव, तालुका, गट नंबर, अक्षांश-रेखांश, तारीख, थराची खोली आणि नमुना काढण्याची पद्धत अशी चिठ्ठी नव्याने लिहिली. मोबाइलवरच्या जुन्या फोटोंमध्ये जागेचे आकडे साठलेले होते म्हणून बरीच ठिकाणं वाचली.

आता पद्धत. तिने बर्लीज फनेल वापरलं होतं. आंतोनिओ बर्लीज यांनी १९०५च्या सुमारास बनवलेलं हे साधन आजही मातीतल्या जीवांसाठी पहिलं हत्यार आहे. जाळीवर माती, वर दिवा, खाली फनेल आणि तळाशी अल्कोहोलची बाटली. वरून माती तापत आणि वाळत जाते, जीव ओलाव्याकडे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. जंगलातल्या भुसभुशीत मातीत हे छान चालतं. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव वेगळा. ही चिकणमाती ओली असताना फुगते, वाळली की आकसून दगडासारखी होते. मोठा दिवा लावला तर ढेकूळ बाहेरून कडक होतं आणि आतला प्राणी आतच अडकून मरतो. बाटलीत मात्र बारीक धूळ पडत राहते. आम्ही ढेकळं हाताने हलकेच फोडून पातळ थर पसरला, कमी वॉटचा दिवा लावून सुरुवात केली आणि उष्णता हळूहळू वाढवली. जोडीला तरंगवण्याची पद्धत वापरली. माती पाण्यात ढवळली की स्प्रिंगटेल वर येतात, कारण त्यांचं अंग भिजत नाही. काळ्या मातीसाठी या दोन पद्धती एकत्र वापरल्याशिवाय यादी करू नये, असं मी कुठल्याही विद्यार्थ्याला सांगेन.

अल्कोहोलची अडचण वेगळीच. महाविद्यालयाला ते राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवानगीशिवाय मिळत नाही आणि मिळालं तरी सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये झाकणातून उडून जातं. बाटलीत ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले तर अल्कोहोल उडालं तरी प्राणी अगदी कोरडा पडत नाही. आणि डीएनएसाठी ठेवायचे नमुने वेगळे, तीव्र अल्कोहोलमध्ये, थंड जागी. प्रकल्पाच्या वेळी तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यातलं शून्य

यादीत एक तक्ता होता महिन्यांचा. पावसाळ्यात भरपूर, हिवाळ्यात मध्यम, मार्च ते मे शून्य. निष्कर्ष लिहिला होता की उन्हाळ्यात या शेतांत स्प्रिंगटेल नसतात. माती मंगळवेढ्याकडच्या तिच्याच घरच्या शेतातली, रब्बी ज्वारीची. तिथे पुन्हा माती घ्यायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी भिंगातून प्राणी पाहिला आणि विचारलं, ‘मॅडम, हे पिकाला खात्यात व्हय?’ बहुतेक प्रजाती बुरशी आणि कुजका पालापाचोळा खातात, कोवळ्या पिकाला त्रास देणाऱ्या फार थोड्या, असं सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न असा: ‘मग उनाळ्यात भेगा पडल्यावर जात्यात कुठं? पाऊस पडला की लगेच येत्यात म्हंजे हितंच असणार की.’

संशोधनाचा प्रश्न याहून नेमका मांडता येणार नाही. दोन उत्तरं शक्य होती. एक, प्राणी भेगांतून खोल उतरतात. काळ्या मातीच्या भेगा खूप खोल जातात आणि आपण वरचा वीतभर थर घेऊन बसतो. दुसरं, ते जागेवरच असतात पण वेगळ्या अवस्थेत. ऑस्ट्रेलियात ल्युसर्न फ्ली नावाने ओळखली जाणारी स्मिन्थुरस विरिडिस ही प्रजाती कोरडा उन्हाळा मातीत अंड्यांच्या रूपात काढते. फोल्सोमाइडीस वंशातल्या (वंश म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) काही प्रजाती तर स्वतःच जवळजवळ पूर्ण वाळतात आणि ओल मिळाली की पुन्हा चालायला लागतात. वाळलेला प्राणी फनेलमधून खाली येणार कसा? फनेल काम करतं ते हलणाऱ्यावर.

म्हणून मे महिन्यातली कोरडी ढेकळं प्रयोगशाळेत आणली. एक भाग तसाच फनेलवर ठेवला. दुसरा भाग उथळ ट्रेमध्ये पसरून, बारीक कापड झाकून ओलसर ठेवला. बाहेरचं काही आत येतं का हे कळावं म्हणून तिसऱ्या ट्रेमध्ये भट्टीत तापवलेली माती त्याच पद्धतीने ठेवली. कोरड्या भागातून काहीच आलं नाही. ओल्या ट्रेमध्ये आधी लांबट पांढरे बारीक जीव दिसले आणि काही दिवसांनी गोलसर अंगाची पिल्लं. तापवलेल्या मातीत काहीही नाही. एका शेताच्या मातीवरून मोठा दावा करता येत नाही, पण तक्त्यातलं शून्य बदलायला एवढं पुरेसं होतं. आता तिथे लिहिलं आहे: ‘फनेलमध्ये आढळले नाहीत, ओल दिल्यावर आढळले.’ कोरडवाहू पट्ट्यातली कुठलीही यादी उन्हाळ्यातल्या एका फेरीवर उभी राहू शकत नाही, हे या एका ओळीत येतं.

नावं

नाव ठरवायचं म्हणजे प्राणी लॅक्टिक आम्लात पारदर्शक करायचा, काचपट्टीवर बसवायचा आणि चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली केस न् केस पाहायचा. डोळ्यांची संख्या (एका बाजूला जास्तीत जास्त आठ), शृंगिकेमागचा संवेदी अवयव, नखरावरचे दात, फर्क्युलाच्या टोकाचा आकार, अंगावर खवले आहेत की नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पाठीवरच्या राठ केसांची मांडणी. तिने बरीच नावं रंग आणि आकारावरून, युरोपातल्या प्रजातींसाठी लिहिलेल्या ओळखतक्त्याने ठरवली होती. अशा तक्त्यात भारतीय प्राणी टाकला तरी शेवटी एखादं नाव निघतंच. तक्ता ‘हा इथला नाही’ असं कधी म्हणत नाही.

याचं ठळक उदाहरण सेयरा डोमेस्टिका. ही युरोपात घरांमध्ये सापडणारी प्रजाती. आमच्या बाटलीतला प्राणी हिवराच्या सालीखालचा, खवल्यांचा, जांभळट पट्ट्यांचा. वंश सेयरा हे निःसंशय. पण खवले अल्कोहोलमध्ये गळले होते, रंग उतरला होता आणि केसांची मांडणी वर्णनाशी जुळेना. भारतातून सेयराच्या बऱ्याच प्रजाती वर्णिलेल्या आहेत आणि जुनी वर्णनं प्रामुख्याने रंगावर बेतलेली आहेत. नोंद झाली ‘सेयरा, प्रजाती १’, सोबत काचपट्टीचा क्रमांक आणि केसांचं रेखाचित्र. विद्यार्थिनी हिरमुसली. ‘मॅडम, नाव नसलं तर यादीत ठेवून उपयोग काय?’ मी म्हटलं, ‘अगं, क्रमांक आहे, चित्र आहे, प्राणी आहे. उद्या सेयरा जाणणारा कोणीही येऊन नाव लिहील. चुकीचं नाव लिहिलंस तर कोणी उघडून बघणारच नाही.’

दुसरा प्रकार दुहेरी मोजणीचा. यादीत क्रिप्टोपायगस थर्मोफिलस आणि हेमिसोटोमा थर्मोफिला अशा दोन ओळी होत्या. प्रजाती एकच. ॲक्सेलसन यांनी १९०० साली वर्णिलेली ही प्रजाती बराच काळ क्रिप्टोपायगस वंशात होती, आता हेमिसोटोमामध्ये ठेवतात. एक नाव जुन्या भारतीय यादीतून आलं, दुसरं अलीकडच्या निबंधातून. स्प्रिंगटेलमध्ये हे सतत घडतं. निकोले यांनी १८४२ साली वर्णिलेली आर्माटा ही प्रजाती आधी पोडुरात, मग अकोरुटीसमध्ये, मग हायपोगॅस्ट्रुरात आणि शेवटी सेराटोफायसेलात गेली. प्रत्येक काळातल्या याद्या तिला त्या त्या काळच्या नावाने ओळखतात. राष्ट्रीय यादी करताना या सगळ्या धाग्यांची उकल झाली नाही तर देशाची संख्या नुसत्या कागदावर वाढते. मला वाटतं, नव्या प्रजाती शोधण्याइतकंच हे काम मानाचं आहे, पण त्याला तो मान मिळत नाही.

वारुळातला पांढरा, आंधळा, खवल्यांचा प्राणी सायफोडेरस. मुंग्या आणि वाळवीच्या घरांत राहणारा हा वंश. फर्क्युलावरच्या मोठ्या पिसासारख्या खवल्यांवरून आमचा नमुना सायफोडेरस जवानसच्या जवळ जातो, पण टोकाच्या दातांबद्दल शंका राहिली. नोंदीत ‘जवानसच्या जवळची’ असंच ठेवलं. फोल्सोमाइडीस पार्वुलस मात्र पक्कं झालं. लांबट अंग, एका बाजूला दोनच डोळे, आखूड फर्क्युला. स्टाख यांनी १९२२ साली वर्णिलेली ही प्रजाती जगभरच्या कोरड्या, उष्ण जमिनींत सापडते. ओल्या ट्रेमध्ये आधी दिसलेले ते पांढरे जीव हेच.

पिल्लांच्या ओळी सरसकट वंशापर्यंत मागे घेतल्या. स्प्रिंगटेल प्रौढ झाल्यावरही आयुष्यभर कात टाकतात आणि बरीच ओळखलक्षणं वयाबरोबर बदलतात.

एका ओळीपुढे तिने ‘नवी प्रजाती’ लिहिलं होतं. गोल अंगाचा, पिवळसर, सुंदर प्राणी. नवी असेलही, कारण या पट्ट्यात ते अशक्य मुळीच नाही. पण त्यासाठी त्या वंशातल्या सगळ्या वर्णिलेल्या प्रजातींशी, शक्य तिथे मूळ प्रमाण नमुन्यांशी (ज्यांवरून प्रजातीचं पहिलं वर्णन झालं त्यांच्याशी) तुलना हवी आणि जुन्या भारतीय प्रजातींचे काही नमुने परदेशी संग्रहालयांत आहेत. नर आणि मादी दोन्ही हवेत, आमच्याकडे एकच मादी. शिवाय २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार नवी प्रजाती सापडली तर तिची माहिती आणि नमुना मान्यताप्राप्त भांडाराला द्यावा लागतो. प्राण्यांसाठी असं भांडार भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आहे. ओळ आता ‘स्मिन्थुरिनस?, एक मादी’ अशी आहे. प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवलं.

डीएनए करून टाका, असं दोघा सहकाऱ्यांनी सुचवलं. करायचंच आहे. दिसायला एक असलेल्या प्रजातीत अनेक वेगळ्या वंशरेषा दडलेल्या असतात, हे पॅरिसोटोमा नोटाबिलिसच्या बाबतीत डीएनएनेच दाखवलं. पण तुलनेसाठीच्या साठ्यात या पट्ट्यातले नीट ओळखलेले नमुने असतील तरच मिळालेल्या अक्षरमालिकेला नाव जोडता येतं. त्यासाठीही आधी काचपट्टीवरचा प्राणी लागतो.

आत्ताची स्थिती

यादीला आता तीन पानं आहेत. पहिल्यावर पक्क्या नावांच्या मोजक्या ओळी, दुसऱ्यावर वंशापर्यंतच्या आणि ‘जवळच्या’ नोंदी, तिसऱ्यावर पुन्हा गोळा करायचे प्राणी. पहिल्या दोन पानांवरच्या प्रत्येक ओळीसमोर बाटली किंवा काचपट्टीचा क्रमांक आहे. नमुन्यांचा एक संच महाविद्यालयात राहील, दुसरा पुण्यात आकुर्डीला असलेल्या प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे द्यायचं ठरलं आहे. नान्नजच्या गवताळ भागात आत जाऊन नमुने घेण्यासाठी वनविभागाकडे अर्ज तयार आहे. कुसळी आणि पवन्याच्या मुळांशी काय राहतं हे पाहिल्याशिवाय सोलापूरची यादी अर्धीच म्हणावी लागेल. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागांत ठिबकखालची ओली माती आणि ओळींमधली कोरडी माती वेगवेगळी घ्यायची आहे. बागेत फवारणी कधी झाली तेही चिठ्ठीवर येईल, कारण कीटकनाशकांचा मातीवरचा परिणाम तपासायला जगभर फोल्सोमिया कॅन्डिडा हा स्प्रिंगटेलच वापरतात आणि आपल्या बागांतल्या स्थानिक प्रजातींवर काय होतं हे कोणी तरी पाहायला हवं.

विद्यार्थिनी आता पदवीच्या मुलांना काचपट्ट्या करायला शिकवते. धाराशिव, लातूर किंवा विजयपूरकडच्या एखाद्या प्राध्यापकांना आपल्या मातीचे नमुने याच चिठ्ठीच्या नमुन्यावर घ्यायचे असतील तर ती चिठ्ठी आम्ही आनंदाने देऊ. पावसाळ्याचा पहिला आठवडा आणि मे महिन्याचा शेवटचा, एवढे दोन नमुने एकाच शेतातून मिळाले तरी तुलना सुरू करता येईल.